चौथा कप

नवऱ्याच्या काळ्या कोटाच्या डाव्या खिशावर पदक अडकवायला मी दोऱ्याचे दोन बारीक फासे शिवले होते, एकमेकांपासून बरोबर चार सेंटिमीटरवर. तीन आठवडे ते रिकामेच होते. पदक कपाटात, डबीत पडून होतं.

"लावायचं ठरलं नाही, मग शिवलंस कशाला?" फोकर्टने विचारलं.

"मी कामावर असताना हिन्रिक रोज डेअरीच्या प्रयोगशाळेत डोकावतो. शिवलंय एवढं तरी त्याला सांगता येतं."

हिन्रिक खाटीक गावातल्या माजी सैनिकांच्या संघाचा अध्यक्ष. रविवारी स्मारकावर फुलं वाहताना फोकर्टने पदक लावूनच यावं, हा त्याचा हट्ट. मागच्या वर्षीच्या कायद्याने तशी मुभा मिळाली होती; मधलं हिटलरचं चिन्ह जाऊन तिथे ओकची तीन पानं आली होती. "पानं कुणाला चावतात का, कॅप्टनसाहेब?" असं तो म्हणाला होता.

फोकर्ट गणिताचा शिक्षक. राखीव अधिकारी म्हणून उन्हाळ्यात काही आठवडे गणवेश घालायचा, एवढंच. मग युद्धाने त्याला वर्गातून उचललं आणि दहा वर्षांनी परत दिलं. फ्रान्समध्ये लेफ्टनंट, रशियात कॅप्टन, शेवटी कैदी. रशियातला एक पूल धरून ठेवला म्हणून हे पदक. त्याच पुलावर गावातल्या थेडा आजींचा मुलगा हाब्बो मारला गेला. तो फोकर्टचे निरोप पोचवायचा.

नवं पदक टपालाने आलं, त्या दिवशी फोकर्टने मला सांगितलं. "मागे फिरायचा हुकूम सकाळी अकरालाच आला होता. मी तो खिशात ठेवला. वाटलं, पूल टिकतोय, कौतुक होईल. हाब्बो दुपारी दोनला गेला."

"आजींना हे माहीत आहे?"

"त्यांना वाटतं, त्याच्यामुळे बाकीचे वाचले. तेवढंच उरलंय त्यांच्याकडे. तेही काढून घेऊ?"

मी म्हणाले, "तू ठरव. काहीही ठरलं तरी मी शेजारी असेन."

दर नोव्हेंबरात आम्ही आजींकडे चहाला जातो. फोकर्ट लाकडं रचून देतो, तीन कप पितो आणि रिकाम्या कपात चमचा ठेवतो. आमच्याकडे चमचा ढवळायला नसतोच. तो कपात ठेवला की यजमान पुन्हा ओतत नाही. दर वर्षी तिसऱ्या कपाशी तो काहीतरी बोलेल असं वाटायचं, आणि चमचा किणकिणायचा.

शनिवारी आजी दारातच म्हणाल्या, "मास्तर, लाकडं ओली आणलीस."

"वाळलेली आहेत, आजी. जळतील."

"मग तूच फुंकत बस चुलीशी." त्यांनी त्याचा कोट काढून घेतला. खुंटीला लावताना त्यांचा अंगठा फाशांवर थांबला. "हे रिकामे का?"

"अजून ठरत नाहीये."

"त्यात ठरवायचं काय? लाव रे. अर्धं माझ्या हाब्बोचंच आहे ते. उद्या सगळं गाव बघेल, मीही बघेन."

फोकर्टने मान खाली घातली. आजींनी खडीसाखरेवर चहा ओतला, साखर तडकली. वरून सायीचा थेंब सोडला. पहिला कप. दुसरा. बोलणं हिन्रिकच्या सॉसेजवर गेलं. त्यात हल्ली मांसापेक्षा पावच जास्त असतो, असं आजींचं मत. तिसरा कपही संपला.

फोकर्टने चमचा उचलला. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. चमचा कपावर आला, तिथे थोडा वेळ राहिला, आणि त्याने तो हळूच बशीत ठेवला.

आजींनी भुवया उंचावल्या. "आज चौथा? तहान लागलीय वाटतं." त्या ओतायला पुढे झाल्या.

फोकर्टने किटलीवरचा त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आजी, उद्या मी ते लावणार नाही," तो म्हणाला. "आणि का, ते आत्ता तुम्हाला सांगणार आहे."