मुकुटाची आतली बाजू

भाग्यश्रीने नारायण पेठेतल्या फोटोच्या वर्गात नाव घातलं, ते एका निरोपामुळे. तिने केलेल्या हलव्याच्या हाराचा फोटो पाहून नागपूरच्या एका बाईंनी विचारलं होतं, "गेल्या वर्षीचा माल आहे का? पिवळा दिसतोय." हार आदल्या दिवशीच गुंफलेला होता.

नवरा आनंद खडकीच्या कारखान्यात लागला, म्हणून अमरावती सोडून ती पुण्यात आली होती. लहान मुलांच्या बोरन्हाणासाठी ती मुकुट, हार, बाजूबंद करायची. ओळखीपाळखी कमीच. धंदा चालायचा तो मोबाइलवरच्या फोटोंवर. या वर्षी एका ऑनलाइन दुकानाने तिचे दागिने ठेवायची तयारी दाखवली होती. फक्त फोटो नीट हवे होते, आणि ते आज संध्याकाळी पाचच्या आत. संक्रांत होऊन गेली होती. रथसप्तमीनंतर हलव्याला विचारतो कोण?

वर्ग घेणारे गोपाळकृष्ण ओक सत्तरीचे. साबण, तेलाच्या बाटल्या, औषधं यांचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अहो, हा फोटो आहे की पंचनामा?" तिचा मोबाइल हातात घेत ते म्हणाले. "वर दिवा, खाली दागिना. पिवळा नाही दिसणार तर काय?"

त्यांनी दिवा बंद करायला लावला. काळ्या कापडावर ठेवलेला मुकुट तिने खिडकीजवळ सरकवला, उजेड एका बाजूने येईल असा.

"काळं कापड पाहून मोबाइलला वाटतं अंधार आहे. मग तो उजेड वाढवतो आणि तुमचा हलवा नुसता पांढरा डाग होतो. पडद्यावर बोट ठेवा. सूर्याचं चिन्ह दिसतंय? खाली ओढा. अजून."

तिने ओढलं. हलव्याचा एकेक दाणा वेगळा झाला, त्याच्यावरचा काटा न् काटा दिसायला लागला. इतकं देखणं काम आपण करतो, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. तिने फोटो काढला, मोठा करून पाहिला, आणि तिचं बोट थांबलं.

मुकुटाच्या कडेला, आतल्या बाजूने, तारेचं टोक बाहेर आलं होतं. जेमतेम तिळाएवढं.

"जरा डावीकडे फिरवलात तर फोटोत येणार नाही ते," ओक शांतपणे म्हणाले.

"फोटोत नाही येणार, सर. पण मुलाच्या डोक्याला लागेल."

गेल्या आठवड्यात तिने नवी, जाड तार आणली होती. त्या तारेचे तीन मुकुट झाले होते. एक हा. दुसरा नाशिकच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला, तिथलं बोरन्हाण रविवारी. तिसरा स्वारगेटजवळ राहणाऱ्या स्पृहा नावाच्या गिऱ्हाइकाकडे, आणि तिच्या मुलाचं, गंधारचं, बोरन्हाण आज, चार वाजता.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मेसेज टाकला, तो वाचलाच गेला नाही. साडेतीन झाले होते.

"पाचपर्यंत फोटो द्यायचेत ना?" ओकांनी विचारलं.

"हो," म्हणत ती चप्पल घालत होती.

रिक्षा दर सिग्नलला अडकत होती. तिने सात वेळा फोन केला. टोक आत दुमडलं असेल, नसेलही. डोळ्यापर्यंत तर जाणार नाही? मूल हलतं, ओढतं.

दार उघडंच होतं. पाटावर एक वर्षाचा गंधार बसला होता, डोक्यावर मुकुट. तो दोन्ही हातांनी मुकुट ओढत होता आणि बायका हसत होत्या. "राहू दे ना रे, एकच फोटो!" म्हणत स्पृहा तो पुन्हा डोक्यावर दाबत होती.

"काढा! मुकुट काढा आधी!" भाग्यश्री दारातूनच ओरडली.

स्पृहाने घाबरून मुकुट उचलला. गंधारच्या कानामागे लाल ओरखडा होता, बोटभर लांब. रक्त नव्हतं. तो आता मोठ्याने रडायला लागला.

भाग्यश्रीने तार दाखवली, सगळं सांगितलं. चूक माझीच, म्हणाली.

स्पृहाच्या सासूबाईंनी चष्म्यातून तार पाहिली. "काटा हलव्याला असावा हो, तारेला नाही," एवढंच म्हणून त्या नातवाला घेऊन आत गेल्या. स्पृहाने मुकुट भाग्यश्रीच्या हातात दिला आणि तीही आत गेली.

ती खडकीला पोचून बाकीच्या दागिन्यांचे फोटो काढून पाठवेपर्यंत सहा वाजून गेले होते. त्या दुकानाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: यंदाची यादी बंद झाली, पुढच्या वर्षी पाहू.

सकाळी तिने नवा मुकुट केला. तारेची टोकं दुमडली, आतून मऊ मलमलीची पट्टी शिवली. मग खिडकीशी बसून दोन फोटो काढले, एक समोरून, एक आतून. दोन्ही नाशिकला पाठवले.

"आतला फोटो कशाला?" उत्तर आलं.

तिने खरं काय ते लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. मेसेज वाचला गेला, पण दुपारपर्यंत काहीच आलं नाही. चहा ठेवतानाही तिची नजर मोबाइलवरच होती. तीनला तो वाजला.

"नवा लगेच पाठवा. रविवारच्या आत मिळाला पाहिजे."

तिने गॅस बंद केला आणि खोकं शोधायला लागली.