चौथा प्रश्न

रीनाचे बाबा, गुलाबराव, एकोणीस वर्षं रायपूरजवळच्या उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये लोखंडी सळ्या तपासत होते. कच्ची सळी त्यांच्या हातून पास झाली, असं कधी झालं नाही. मिलची ती लाइन बंद पडली तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. आता हा माणूस कुठंतरी गार्डची वर्दी चढवणार, हे पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि बाबांनी काय करावं? सरळ रीनाच्या नववीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकावर झडप घातली.

पुढं दीड वर्ष तेच चाललं. पुस्तक संपलं, मग मोबाइलवरचे क्लास.

"पोट्टीच्या संगं शाळेत जाऊन राहिले का, भाऊ?" शेजारचे हरिदासकाका चिडवायचे.

"हव," बाबा म्हणायचे. "फीस माफ आहे."

नव्या रायपुरातल्या एका कंपनीची परीक्षा घरूनच द्यायची होती. पाच प्रोग्राम, दोन तास, आणि निदान चार तरी चालायलाच हवेत. बाबांचे तीन चालले. पाचवा त्यांनी सोडूनच दिला होता, आणि चौथा काही केल्या चालेना. त्यातच लाइट गेली. बाबा फ्यूज बघायला खाली धावले. रीनानं आपल्या मोबाइलचं नेट बाबांच्या लॅपटॉपला जोडून दिलं, सहज स्क्रीनकडं पाहिलं, आणि तिला चूक दिसली. दिसली काय, डोळ्यांतच शिरली. आठ ओळी. तिची बोटं थांबलीच नाहीत.

बाबा धापा टाकत वर आले तेव्हा स्क्रीनवर हिरवी खूण होती.

"चालला, बाबा. तुमचं बरोबरच होतं. नेट अडकलं होतं."

नोकरी लागली. आईनं पाऱ्यात पेढे वाटले. हरिदासकाकांना दोन जास्त.

ऑफिसात निरंजन नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा बाबांचा साहेब होता. तो त्यांना अंकल म्हणायचा, आणि काम अडलं की अजून नम्रपणे अंकल म्हणायचा. चार महिन्यांत तो फारच नम्र झाला.

"त्या दिवशी जमलं होतं न मले," बाबा संध्याकाळी म्हणायचे. "आता काहून जमून नाही राहिलं?"

रीना वहीत डोकं खुपसून बसायची.

एका शनिवारी आईनं बाबांच्या धुवायच्या शर्टाच्या खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढली. मेंदूचा स्कॅन करायला सांगितला होता.

"भट्टीजवळ एवढी वर्षं काढली," बाबा म्हणाले. "डोकं भाजलं असन. आधी येत होतं ते आता येत नाही, म्हणजे काहीतरी जाऊन राहिलं न."

आई शर्ट घेऊन आत गेली. रीनानं वही मिटली.

"बाबा, चौथा मी केला होता."

त्यांना कळेना. मग तिनं लाइट, फ्यूज, आठ ओळी, सगळं सांगितलं.

"कोणत्या ओळी?" त्यांनी एवढंच विचारलं. तिनं लिहून दाखवल्या. सळीवरून फिरवावं तसं बोट फिरवत त्यांनी त्या वाचल्या.

"म्हणजे डोकं ठीक आहे."

"हो, बाबा."

"आन पास मी झालोच नोतो."



त्यांनी चिठ्ठी फाडली. सोमवारी ऑफिसला गेले, मंगळवारीही.

"निरंजन सरांना सांगितलं?" तिनं भीतभीत विचारलं.

"नाही. घर त्या पगारावर चालून राहिलं, बेटा." ते तिच्याकडं न बघता बुटाची नाडी बांधत राहिले.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी आतून हाक मारली. रीना ओला टॉवेल हातात घेऊनच धावली. आठवडाभर अडलेला त्यांचा प्रोग्राम चालला होता. अगदी स्वच्छ.

"जमलं न, बाबा."

बाबा हसले नाहीत. "मी पाणी प्यायले गेलो होतो. तू हात लावला?"

"नाही."

"खरं सांग."

"आईची शपथ. मी छतावर कपडे वाळत घालून राहिली होती."

त्यांनी मान डोलावली. मग लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. एक ओळही ठेवली नाही.

"तू जरा बाहेर जा," ते मऊ आवाजात म्हणाले.

ती बाहेर आली. आतून कडी लागली, आणि एकेक बटण दाबत ते पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागले.