मुकोचा गोळा

"थोबाड उघड की गं! का पीठ कानानं चावणार हायस?"

आत्याबाईंनी मक्याच्या पिठाची परात माझ्यापुढं आदळली. चिचा, म्हणजे मक्याची दारू, गाळायची तर आधी मुको हवा. पीठ तोंडात घोळवायचं, लाळेनं भिजवायचं, टाळूला दाबून गोळा काढायचा आणि उन्हात वाळत घालायचा. आमच्या दरीत हे काम बायकांचंच. माझ्या सासूची, ह्याच सातुर्निना आत्याबाईंची, अख्खी बत्तिशी त्यातच झिजून गेली. आता तोंड माझं.

आणि माझा उजवा गाल उकडल्या बटाट्यासारखा फुगलेला. जबडा बोटभरही उघडेना. पोटात घास नाही म्हणून दूध आटत चाललेलं. माझी तान्ही सिसा छातीशी चोखून चोखून रडायची. तिच्या टाळूवर गाल टेकवावा, तर तोही ठणकायचा.

"दवाखान्यातल्या डेल्फिनाबाई म्हणाल्या, दाढ काढायलाच पायजे. चिरलीया, मूळ कुजलंय, भरून वाचायची न्हाई. पू गळ्याकडं सरकला तर श्वास अडंल."

"तिच्या बाचं काय जातंय उपटायला! कोकाचा पाला भरलाय न्हवं भोकात?"

"तुमीच कोंबलाय. त्यानं भोक बुजलं न् पू आतच साचला."

"लेकरामागं बाईचा एक दात जातोच. पडंल आपसूक."

"त्याच्या आधी मी पडंन."

"पड! पर उत्सव झाल्यावर. मरियामातेच्या दिवशी दारात चिचा न्हाई म्हनून गावाला हसवू का काय?"

मग मी चावले. जबडा फाकंल तेवढ्या फटीतून पीठ मुद्दाम उजवीकडंच कोंबलं आणि सगळा जोर लावून दाढेवर दाबलं. डोळ्यांपुढं अंधार आला. आत काहीतरी फुटलं, खारट, घाण. गोळा निघाला तो पिवळा, तांबड्या रेघांचा. तो नेऊन मी त्यांच्या वाळवणात मधोमध ठेवला.

आत्याबाईंनी नाकाला शाल लावली.

"सटवे! सगळं वाळवण नासवलंस!"

"आणिक चावू?"

दंडाला धरून दवाखान्यापर्यंत त्यांनीच मला ओढत नेलं, वाटभर माझ्या आईचा उद्धार करत. डेल्फिनाबाईंनी सुई टोचून दाढ काढली. मुळाला पूची पिशवी लोंबत होती.

"अंगावर पाजणारी बाई, इतके दिवस अशी ठेवलीत?" त्या म्हणाल्या.

"आन् माझं वाळवण कोन भरून देनार?"

सूज उतरली, रस्सा गिळता येऊ लागला, दूधही परत आलं. एका दुपारी सिसा पिता पिता कचकन चावली. हिरडीतून राजगिऱ्याएवढा दात डोकावत होता. आत्याबाईंनी बोट घालून चाचपला आणि बोळक्या तोंडानं हसल्या.

"आली गं बया! मुको चावणारी आली घरात."

मी त्यांचं बोट धरून लेकीच्या तोंडातून बाहेर काढलं.

"ह्या दाताला हात न्हाई लावायचा, आत्याबाई."