जिन्यातला डोंगर

"खरा डोंगर झाकून त्याच जागी रंगीत डोंगर लावायचा. शाळेलाही काय एकेक डोहाळे लागतात!" लेक म्हणाली.

"खऱ्याकडे ढुंकून तरी बघतात का पोरं?" आई टेबलावर वाकलेलीच होती. "काच लागू दे, मग माना मोडेस्तोवर बघतील."

शाळेच्या जिन्यातल्या मोठ्या खिडकीतून गावामागचा डोंगर दिसायचा. तोच रंगीत काचांमध्ये घडवायचं काम या मायलेकींकडे आलं होतं. आईने चित्र काढलं, लेकीने हिरकणीने काचा कापल्या. आज उताराच्या काचा मध्ये शिशाच्या पट्ट्या घालून चित्रावर मांडून पाहिल्या, तर डोंगर चौकटीबाहेर आला.

आईने कपाळावर हात मारला. "दोन काचांमध्ये शिशाची पट्टी येते ना? तिला जागा कोण सोडणार, तुझा मामा? इतकी वर्षं हेच करतेस. लक्ष कुठे असतं गं तुझं?"

आत्ताच सांगून टाकावं, असं लेकीला वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले.

"इथेच असतं," ती म्हणाली.

"मग घास आता एकेक कड. मी चहा टाकते."

चहा पिताना दोघी त्या उतू गेलेल्या डोंगराला हसल्या. हे काम हातावेगळं झालं की सांगू, असं लेकीने ठरवलं. प्रत्येक कामाच्या वेळी ती असंच ठरवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. मामा तेवढा मागे राहिला. "ताईचं शेवटचं काम आहे," तो म्हणाला. "अर्धवट टाकू नकोस."

लेक पुन्हा कामाच्या खोलीत जाऊन बसली. खोलीला खिडकी एकच, तीही टेकवून ठेवलेल्या काचांनी झाकलेली. दगडावर पाणी टाकून ती उताराची एकेक काच घासायची. काचेचा चिखल नखांत जाऊन बसायचा, धुतला तरी निघायचा नाही. एकदा तिने खुंटीवरचा आईचा एप्रन बांधला, तर दारातून मामा म्हणाला, "हुबेहूब ताई!" तिने तो तिथल्या तिथे सोडून ठेवला.

अखेर डोंगर चौकटीत बसला. शाळेत काच लावली त्या दिवशी जिन्यात ही गर्दी झाली.

"बाकीच्या जिन्यांतल्या खिडक्याही करायच्यात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नदी, माळ, जंगल. आता सगळं तुम्हीच करायचं."

"करणार की!" मामाने परस्पर सांगून टाकलं. "खाण तशी माती. हात बघा तिचा, ताईचाच हात!"

मागे मुलं, पुढे मामा, सरकायला जागा नव्हती. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. आईला सांगायची वेळ तर निघून गेली होती. आता मान हलवली की जन्माची हलली.

"नाही मामा, मी नाही करणार," ती म्हणाली. जिन्यात आवाज घुमला. "मला हे काम कधीच नको होतं. आई होती म्हणून करत होते."