गौरवीच्या स्केट्सची धार

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही भलत्याच माणसावर रागवाल, जसा मी रागावलो होतो.

मी कृष्णनाथ. मूळचा दोडामार्गकडचा, पण वीस-बावीस वर्षं खाणपट्ट्यातल्या पाळी गावात आहे. खनिजाच्या ट्रकांच्या गॅरेजमध्ये फिटर. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक उभे राहिले, पण माझा ग्राइंडर थांबला नाही. आसपासच्या गावांतले कोयते, कुऱ्हाडी, बायकांच्या फणस कापायच्या आडोळ्या म्हणजे विळ्या, सगळ्यांना धार लावून द्यायचो. काजूच्या हंगामाआधी लाटंबार्शापासून माणसं यायची. मी धार लावलेल्या आडोळीवर बसायच्या आधी बायका पोरांना बाहेर पिटाळतात, असं माझी बायको देवकी सांगते. ती लाटंबार्शाचीच, आणि तिला वाढवून सांगायची सवय आहे. पण हे मला खरं वाटतं.

आमची एकुलती एक गौरवी. डिचोलीत शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर ती चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायला लागली. गोलकीपर. पोरीनं अंगावर मार झेलायचा, हा कसला खेळ, असं मी दर शनिवारी म्हणायचो, आणि दर शनिवारी मोटरसायकलवरून तिला सोडायलाही मीच जायचो. मग कुणाच्या तरी नजरेत ती भरली. बर्फावरच्या हॉकीच्या शिबिराला डेहराडूनला गेली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्या वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघात तिचं नाव आलं. आशियातल्या देशांची स्पर्धा, थायलंडमध्ये. देवकीनं दोन स्वेटर भरले. "आये, थंय आपल्यापेक्षा गरम आसा. बर्फ फकत मैदानात," म्हणत गौरवीनं ते बाहेर काढले.

स्पर्धेनंतर दोनच महिन्यांनी ती अठरा पूर्ण करणार होती. म्हणजे या वयोगटातली तिची पहिली स्पर्धा तीच शेवटची. तीन सामने. जे काय खेळायचं ते त्यातच.

निघायच्या आदल्या दिवशी ती मामाच्या पाया पडायला लाटंबार्शाला गेली होती. बॅग खाटेवर उघडी. डेहराडूनच्या एका मोठ्या मुलीनं आपले जुने स्केट्स तिला दिले होते, ते वरच होते. मी एक उलटा करून पाहिला आणि डोक्यात तिडीक गेली. पात्याच्या तळाला मधोमध लांबलचक पन्हळ पडलेली. दोन्ही बाजूंना कडा आणि मध्ये खोलगट. वापरून वापरून मधलं लोखंड झिजलं, असं माझ्या फिटरच्या डोक्यानं ठरवलं. देशासाठी खेळायला पाठवतात आणि असली पाती देतात!

सरळ गॅरेजमध्ये नेले. ग्राइंडरवर धरून ती पन्हळ साफ उडवली. मग दगडावर तेल टाकून दोन तास हातानं घासत बसलो. कोयत्याला काढतात तशी मधोमध एकच धार काढली, नख टेकवलं तर सोलून निघेल अशी. परत जागच्या जागी ठेवून दिले. पोरीला बोललोही नाही. बर्फावर उतरली की कळेल, म्हटलं.

बर्फावर उतरली आणि कळलंच.

पण ते मला कळलं नव्हतं. पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारी मी गॅरेजमधून लवकर आलो. मेजावर पावाच्या पिशवीला टेकवून मोबाइल उभा केला. देवकीनं देवाला दिवा लावला. पडद्यावर बर्फ, निळ्या जर्सीतल्या आपल्या मुली, आणि गोलमध्ये दुसरीच कुणीतरी. गौरवी टोपी घालून बाकड्यावर. शेवटपर्यंत बाकड्यावरच.

"बघूया, बाबा. फुडल्या मॅचीक," फोनवर ती एवढंच म्हणाली.

पुढच्या सामन्यातही तेच. त्या दुसऱ्या मुलीनं सात गोल खाल्ले, तरी माझी पोर बसलेली. माझं डोकं तापलं. ती कुणाची तरी भाची असणार, आमच्यामागं कोण आहे, खाणीवरच्या फिटरची पोर, बसवा तिला पाणी वाटायला! मी घरभर फिरत बडबडत होतो.

"आदी विचारा तरी," देवकी म्हणाली. "मगे तापा."

मी उलटं केलं. पालकांच्या ग्रुपवर कोच मॅडमचा नंबर होता. प्राजक्ता मॅडम, पुण्याच्या, गोलकीपर त्याच तयार करतात. त्यांनी "हॅलो काका" म्हटलं आणि मी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, गौरवी पहिल्या सरावाला बर्फावर उतरली आणि चालायला शिकणाऱ्या पोरासारखी पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. मी पाती पाहिली तर त्यांना कोयत्यासारखी धार. स्केटला मध्ये पन्हळ लागते. तिच्या दोन कडा बर्फात रुततात, म्हणून पाय ठरतो. कुणी केलं हे, विचारलं, तर म्हणाली, मीच केलं."

मी खुर्चीवर बसलो.

"इथल्या धार लावणाऱ्या माणसानं सगळं घासून पन्हळ पुन्हा काढून दिली. स्केट्स परवाच ठीक झाले," त्या म्हणाल्या. "पण तो माणूस म्हणाला, काम साफ चुकीचं आहे, मात्र हात उस्तादाचा आहे. दोन्ही पाती केसभरसुद्धा वाकडी नाहीत. हे सतरा वर्षांच्या मुलीचं काम नव्हे. म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलतेय. दोन दिवस मी वाट पाहतेय, ती काही बोलत नाही. जी मला खरं सांगत नाही, तिच्या भरवशावर मी गोल सोडू शकत नाही."

लाज वाटते सांगायला, पण उस्तादाचा हात म्हटल्यावर एक क्षण मला बरं वाटलं. माणूस असा असतो. मग म्हणालो, "मॅडम, मी केलं. तिला माहीतसुद्धा नव्हतं. मला वाटलं, पाती झिजलीत." जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात ते नीट जमलं नाही. "तिला खेळवा. मी हात जोडतो."

"काका, मला अंदाज होताच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पण हे मला तिच्या तोंडून हवंय. उद्या शेवटचा सामना आहे."

मी गौरवीला फोन लावला.

"मॅडमक खोटा कित्याक सांगितलंस?"

ती म्हणाली, "शिबिरात सगळ्या चेडवांका मी सांगितलंय, माज्या बाबासारको धार लावणारो खंय नाय. लोखंडाक हात लावन सांगता, खंय बिगाडला तां. आता काय सांगू? त्याच बाबान माजे स्केट बिगडवले?"

"तशाच सांग."

"सगळी हसतली तुका."

"हसांदेत. दोन तास घासत बसललंय, ह्या पण सांग. म्हणजे बरी हसतली."

"माका चलाचा नाय, बाबा."

"चेडवा," मी पोरीला म्हणालो, "ती सगळी थंय हसली तर माका हय काय लागाचा नाय. पण माज्यापायी तू बाकड्यार बसलंस, तर ता माका मरेसर लागतला. सकाळी उठ आणि सांग."

ती रडत होती. मीही काही फार धीराचा राहिलो नव्हतो. "बघतंय," म्हणून तिनं फोन ठेवला. ती सांगेल की नाही, मला कळेना. हट्टात ती माझ्यावर गेलीय, आणि त्या क्षणी मला त्याचा पहिल्यांदाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजला गेलोच नाही. देवकीनं भात वाढला, तो निवून गेला. साडेतीनला पडद्यावर मुली बर्फावर आल्या. गोलमध्ये एक ठेंगणी मुलगी येऊन उभी राहिली, पायांना उशांएवढे पॅड, तोंडावर जाळी. मला ओळखता येईना. देवकी म्हणाली, "ताच. उभा रवल्यावर डावो खांदो खाली करता ता." मग जर्सी वळली आणि पाठीवर नाव दिसलं.

पहिल्याच तीन मिनिटांत तिच्या पायांमधून एक गोल गेला. देवकीनं डोळे मिटले. लाल जर्सीच्या मुली मोठ्या, जोरकस; त्या पुन्हा पुन्हा चालून येत होत्या. पण हळूहळू माझी पोर जागेवर आली. एकदा तर उजवीकडून फटका येतोय असं दाखवून त्यांनी डावीकडे दिला, आणि गौरवी एका पायावर जोर देऊन या खांबापासून त्या खांबापर्यंत सरकली आणि पॅडवर अडवला. तिचा पाय घसरला नाही. धार दुसऱ्याच्या हातची होती. त्याचं मला काही वाटलं नाही, असं म्हणणार होतो. पण वाटलं. थोडंसं.

आपण चार-दोन असे हरलो. शेवटी लाल जर्सीची त्यांची कप्तान मुद्दाम गोलपर्यंत आली आणि गौरवीच्या हेल्मेटवर टपली मारून गेली. देवकीनं मला ते तीनदा मागं नेऊन दाखवायला लावलं.

तासाभरानं फोन आला. ती धापा टाकत बोलत होती, जणू अजून खेळतच होती.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"सकाळी नाश्त्याक. सगळ्यांसमोर. मॅडम म्हणाली, बास, आता तू खेळतलंस."

"चेडवां हसली?"

"हसली! पोट धरून हसली. लडाखच्या एका चेडवाच्या नाकातसून चाय इली."

"हसांदेत."

"मगे मी सांगितलंय, माजो बाबा दोन तास घासत बसललो. तेव्हा ताच चेडू गप झाला. म्हणाला, माज्या बाबान अजून माजी एक मॅच बघूक नाय. स्केट खंयच्या पायाचो, ता पण त्याका ठावक नाय. मगे दुसरा म्हणाला, माज्या बाबानपण. मगे कोणच हसाक नाय. बाबा, ती सगळी माका विचारी होती, तुजो बाबा खराच दोन तास बसललो?"

फोन देवकीच्या हातात दिला आणि जनेलातून बाहेर बघत उभा राहिलो. आवाज होऊ नये म्हणून पंचा तोंडाशी धरला. देवकी विचारत होती, जेवलंस काय गो, पायाक काय लागूक नाय मा. मग तिकडून पोरीनं काहीतरी विचारलं असावं, कारण देवकीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"होय, रडता," ती फोनमध्ये म्हणाली. "खोटा कित्याक सांगू?"