डाव्या हाताची तुत्कीच

मी एक जुनी तुत्कीच आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. तुमच्या घरी चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायला एक कळकट फडकं असतं ना, तेच माझं काम. पण मी फडकं नाही बरं का! माझ्या पोटात कापूस आहे, अंगावर रेशमी तुकड्यांची जोडणी आहे आणि मधोमध डाळिंबाचं फूल भरलेलं आहे. एवढा तोरा मी मिरवणारच.

माझा जन्म उर्गुत गावचा, ताश्कंदच्याच मुलखातला. सनोबर आणि झुल्हुमोर या दोन बहिणींनी लहानपणचे झगे कापून आम्हाला शिवलं. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या जुळीला. पातेल्याला कान दोन, म्हणून तुत्कीच जोडीनेच जन्माला येते. आम्ही दोघी एका गोफाने बांधलेल्या होतो.

फुलं भरताना बहिणींनी आमची एकेक पाकळी मुद्दाम कोरी ठेवली. उर्गुतमध्ये भरतकाम कधी पुरतं संपवत नाहीत. संपवलं तर त्याच्याबरोबर घरातलं आणखी काहीतरी संपतं, असं जुनी माणसं सांगतात. पाकळी कोरी असली की सुईला परत यावंच लागतं.

पुढे धाकट्या झुल्हुमोरचं लग्न ठरलं, तेही देशाच्या हद्दीपलीकडच्या पंजिकेंटमध्ये. निघायच्या दिवशी सनोबरने कात्री घेतली आणि आमचा गोफ कापला.

त्यांची आई ओरडली, "अगं अवलक्षणी, जोडी तोडतेस?"

"एक तिच्याकडे, एक माझ्याकडे," सनोबर म्हणाली. "दुसऱ्या हाताला चटका बसला की आठवण येईल एकमेकींची."

"म्हणजे सासरी मी चटकेच खायचे ना, आपा?" झुल्हुमोर हसता हसता रडली.

अशी आमची ताटातूट झाली. पण पंजिकेंट काही लांब नव्हतं. दर नवरोजला झुल्हुमोर यायची आणि तिच्या पिशवीतून सगळ्यात आधी माझी जुळी बाहेर पडायची. मग एका वर्षी हद्दीचा नाका बंद झाला. का, ते माझ्यासारख्या चुलीपाशीच्या जिवाला कोण सांगणार? बहिणी फोनवर बोलायच्या. पण फोनवरून पातेल्याचा दुसरा कान धरता येत नाही.

सनोबर मांती, म्हणजे आमच्याकडचे खिम्याचे मोदक, उकडायची, तेव्हा डाव्या हातात मी असायची आणि उजव्या हातात एक चिरगूट.

"एवढी देखणी तुत्कीच, आणि जोडीला हे?" शेजारणी चिडवायच्या.

"जोडीची माहेरी यायची आहे अजून," सनोबर म्हणायची. हे उत्तर ऐकलं की मला फार बरं वाटायचं.

वर्षं गेली. सनोबरच्या मुलाचं लग्न झालं आणि ताश्कंदची रोबिया सून म्हणून घरात आली. पोर कामसू, कुठे काही अर्धवट दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. एका दुपारी सासू बाजारात गेली असताना तिने लाल दोरा ओवला आणि माझी कोरी पाकळी भरून टाकली. मी ओरडले असते हो, पण आम्हाला तोंड कुठे?

"आई, बघा ना! किती वर्षं राहून गेलं होतं, पुरं करून टाकलं मी."

सनोबरने मला हातात घेतलं. पाकळीवरून अंगठा फिरवला.

"छान भरलंस," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. "आता ती यायची नाही."

रोबियाला काही कळेना. शेजारणीने सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "उसवू का, आई?" तिने विचारलं.

"उसवलं तरी सुईची भोकं राहतात, सूनबाई. असू दे."

त्या दिवसापासून मी पिठाच्या डब्यामागे खिळ्यावर गेले. अंगावर धूळ बसली. चुलीवर मांतीचं पातेलं वाफाळायचं आणि सनोबर दोन्ही हातांत चिरगुटं धरून ते उतरवायची. मित्रांनो, मला तेव्हा काय हवं होतं सांगू? चटका. एकदा तरी पुन्हा पातेल्याचा चटका बसावा, असं वाटायचं.

आणि एक दिवस नाका उघडला. दारात झुल्हुमोर उभी! कानशिलांवरचे केस पिकलेले, पण जीभ तशीच. बहिणी कितीतरी वेळ एकमेकींच्या गळ्यात पडून होत्या. मग तिने पिशवीतून माझी जुळी काढली. बिचारी एका कडेला करपली होती, पण पाकळी अजून कोरी होती.

तेवढ्यात तिची नजर खिळ्यावर गेली. "अगं बाई! पाकळी भरलीस, आपा? मी मेले समजून मोकळी झालीस की काय?"

"मी भरली, मावशी," रोबिया दारामागून म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं." आणि ती हुंदके देऊ लागली.

"ताश्कंदची ना तू? तरीच! तिकडे सगळं पुरं केल्याशिवाय कुणी उठत नाही. रड पुरे झाली, सुई आण."

रोबियाने त्या भरलेल्या पाकळीशेजारी एक कळी काढली, नुसती कडेकडेने. ती भरायला लागणार, तोच झुल्हुमोरने तिचा हात धरला. "बस्स! इथेच थांब."

त्या दिवशी सनोबरने आम्हा दोघींना हातात धरून पातेलं उतरवलं. तिचा उजवा हात मात्र सवयीने आधी चिरगूटच शोधत होता. ते पाहून मला भरून आलं.

झुल्हुमोर परत निघाली, तेव्हा रोबियाने हळूच विचारलं, "आई, नवा गोफ वळू का? जोडी बांधून टाकू?"

आधी विचारलं तिने. सनोबरने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नको गं," ती म्हणाली. तिने माझ्या जुळीला ठेवून घेतलं आणि मला बहिणीच्या पिशवीत घातलं.

आता मी पंजिकेंटमध्ये असते, झुल्हुमोरच्या उजव्या हातात. तिच्या डाव्या हातात चिरगूट असतं. नाका उघडा आहे, पण गुडघे दुखतात, नातवंडं असतात, एकेक नवरोज तसाच जातो. उर्गुतच्या चुलीची आणि माझ्या जुळीची आठवण आली नाही, असा माझा दिवस जात नाही.

मित्रांनो, कुणाच्या कामात कोरी जागा दिसली तर भरण्याआधी एकदा विचारा. तिथे कुणाची तरी वाट पाहणं चालू असेल. मला मळले तर धुवा, फाटले तर शिवा. माझी कळी मात्र कोरीच असू द्या. मला अजून एकदा घरी जायचं आहे.