शॉकअपच्या रबराची फिर्याद

मित्रांनो, मी एका जुन्या कारच्या पुढच्या शॉकअपवरचा रबर आहे. गॅरेजवाले मला माउंटिंग म्हणतात. बाकी कोणी मला काहीच म्हणत नाही, कारण बॉनेट उघडल्याशिवाय मी कोणाला दिसतच नाही. चाक खड्ड्यात आदळलं की धक्का शॉकअपमधून वर येतो आणि गाडीच्या पत्र्यापर्यंत पोचण्याआधी मी तो अंगावर घेतो. उजव्या चाकावर माझा जोडीदार होता, डाव्यावर मी. पंधरा वर्षं आम्ही दोघांनी दणके खाल्ले.

कारखान्यात मला तापवून लोखंडी वाटीला घट्ट चिकटवलं, तेव्हा मी काळाभोर आणि ताठ होतो. पहिले मालक एका शाळेतले कारकून. ते खड्डा आला की गाडी बैलगाडीच्या चालीनं न्यायचे. पुढं त्यांनी गाडी वसमतच्या नासेरला विकली. नासेर बांगड्यांचा व्यापारी. मागची सीट काढून त्यानं तिथं बांगड्यांच्या पेट्या रचल्या आणि कुरुंदा, हट्टा असे आठवडी बाजार, जे तो आधी एसटीनं करायचा, ते गाडीनं करू लागला. सोबत त्याची बायको इशरत. पेट्यांत पेंढा घालून बांगड्या रचायचं काम तिचं, आणि बायकांच्या हातात त्या भरायचंही. तिनं हाताला हात लावला की माप कळायचं. बाईचा पंजा दाबून ती सव्वादोन की अडीच हे सांगायची, आणि कधी चुकायची नाही.

गाडी तेव्हा पाण्यासारखी पळायची. लोक म्हणायचे, "नासेरभाई, गाडी मस्त ठेवली." तारीफ झाली ती सीटकव्हरची. माझं नाव कोणी काढलं नाही. ठीक आहे, मी ते सोसलं.

पण रबरही म्हातारा होतो. मला भेगा पडल्या, वाटीपासून मी सुटू लागलो. खड्डा आला की मी खट्ट असा ओरडायचो. वसमतचा मिस्त्री फुलसिंग दोन वर्षांपूर्वीच म्हणाला होता, "नासेरभाई, पुढचे माउंटिंग गेले." नासेरनं काय केलं असेल? गाडीतल्या टेपला नवा भोंगा बसवला. माझा आवाज जास्त झाला की तो टेपचा आवाज वाढवायचा. मला अजून त्याचा संताप येतो.

मग हट्ट्याच्या चतुराबाईंच्या घरी लग्न निघालं. मुलगी प्रतिक्षा. घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरायच्या होत्या आणि नवरीला हिरवा चुडा. इशरतनं चुड्याची पेटी इतर पेट्यांत ठेवली नाही. नवरीचा माल म्हणून ती पुढं, स्वतःच्या पायाशी ठेवली, म्हणजे नेमकी माझ्या मागे. वाटेत प्रत्येक दणका माझ्या फाटक्या अंगातून थेट त्या पेटीत उतरत होता. मी ओरडत होतो, टेप वाजत होता.

चतुराबाईंच्या ओसरीत पेटी उघडली तर निम्मा चुडा पिचलेला. लग्नघरात पिचलेली बांगडी कोणाला बघवते? नासेरनं मागचापुढचा विचार केला नाही. सगळ्यांसमोर तो इशरतला म्हणाला, "तुझ्या हाताला बरकतच न्हाई. साधी पेटी भरता येत न्हाई तुला."

चतुराबाई वाईट बाई नव्हत्या, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. म्हणाल्या, "इशरत, राग धरू नको बाई. लेकराचं लगीन हाय. चुडा भराया आमी दुसरी कोनी बघतो."

वीस वर्षं त्या गावातल्या नवरीमुलींचे हात भरणारी बाई एका शब्दात वाईट हाताची ठरली. आणि दोष होता कुणाचा? मला तोंड असतं तर मी तिथंच सांगितलं असतं.

परतीच्या वाटेवर इशरत पुढंच बसली. तिचे पाय जिथं पेटी होती तिथं टेकले होते. तीन-चार खड्ड्यांचे दणके तिच्या तळव्यांत उतरले आणि ती म्हणाली, "गाडी थांबवा." तिनं बॉनेट उघडायला लावलं, डाव्या कोपऱ्यात माझ्या डोक्यावर पंजा ठेवला आणि नासेरला स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. मी जागच्या जागी उसळलो. हजारो पंजे दाबलेला तो हात, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

"हे सैल हाय. हितं धक्का धरायला काहीच उरलं न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फुलसिंगनं मला बाहेर काढलं तेव्हा माझे दोन तुकडे होते. नासेर म्हणाला, "एकाच बाजूचा बदल."

"दोन्ही," इशरत म्हणाली.

फुलसिंगनं मान हलवली. "भाभी बराबर बोलून राहिल्या. आनि पयल्यासारखे नगं, तुमी माल वाहता. जाड रबराचे, भक्कम वाटीचे टाकतो." ते दोघं नवे माझ्या डोळ्यांदेखत बसले. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? इशरतनं मात्र मला फडक्यात बांधून घेतलं.

चतुराबाईंनी दुसरी कोणी बघायच्या आत नवा चुडा घेऊन ती दोघं पुन्हा हट्ट्याला गेली. एक बांगडी पिचली नव्हती. नासेरनं ओसरीत मला वर धरून सगळ्यांना दाखवलं. "हा रबर गेल्ता बगा. यानं घात केला."

म्हणजे काल इशरत, आज मी! दोन वर्षं कानाडोळा करणारा माणूस मोकळाच?

इशरत शांतपणे म्हणाली, "रबराचं राहू द्या. तो ओरडत व्हता, तुमी ऐकलं न्हाई. मला जे बोललात, त्याचं बोला."

नासेरनं मला खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझं चुकलं. हिच्या हातात खोट नव्हती. माझंच ध्यान नव्हतं."

चतुराबाई काही बोलायच्या आत प्रतिक्षा पुढं येऊन इशरतसमोर बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

मित्रांनो, गाडी खटखटली तर टेप बंद करा आणि बॉनेट उघडा. एवढं माझ्या भाऊबंदांसाठी करा. आणि काही मोडलं, फुटलं, तर शेजारी जो मुकाट बसलाय त्याच्यावर ढकलू नका. ढकललंत, तर चूक कबूल करायला घरात कोपऱ्यात जाऊ नका. ज्या चार माणसांत बोललात, त्याच चार माणसांत जा.